दोरीकाका आणि उजवीकडे ओढणारी गाडी

दोरीकाकांचं जगात एकाच गोष्टीशी वैर होतं, ते म्हणजे तिरकेपणाशी. कुणाच्याही घरी गेले आणि भिंतीवरचं कॅलेंडर कललेलं दिसलं की आधी उठून ते सरळ करायचे, मगच "काय म्हणता, बरे आहात ना?" विचारायचे. एकदा डॉक्टरांनी "जीभ दाखवा" म्हटलं तर हे म्हणाले, "दाखवतो, पण तुमच्या मागची ती डिग्रीची चौकट तेवढी सरळ करा. माझं ब्लडप्रेशर त्यानंच वाढतंय." डॉक्टर बिचारे खुर्चीवर चढले.

असा माणूस गाड्यांची चाकं सरळ करण्याच्या धंद्यात पडला नसता तरच नवल. एकतीस वर्षं ते हेच करीत होते, आणि तेही दोरीनं. गाडीच्या चारी कोपऱ्यांना लोखंडी तिवया ठेवायच्या, दोन्ही अंगांनी दोन दोऱ्या ताणायच्या, जमिनीवर पालथं पडून दोरीपासून चाकाच्या रिमचं अंतर स्टीलच्या पट्टीनं मोजायचं आणि पान्यानं केस-केस पिळत चाक जागेवर आणायचं. समोरच्या गॅरेजवाल्यानं लाल किरणांचं यंत्र घेतलं त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून गल्लीत त्याचं नाव लेझर पडलं आणि यांचं दोरीकाका. दोघांचं भांडण रोजचं, आणि चहाही रोजचाच.

"काका, माझं यंत्र चार मिनिटांत आकडे देतं."

"आकडे लॉटरीवालाही देतो रे. गाडी सरळ जाते का ते बोल."

गाडी सरळ जाते की नाही हे ठरवायची काकांची परीक्षा ठरलेली होती. गोदामांच्या मागे किलोमीटरभराचा नाकासमोर जाणारा मोकळा रस्ता होता. तिथे गाडी न्यायची, वेग धरायचा, स्टिअरिंग सोडून हाताची घडी घालायची आणि मोठ्यानं दहा मोजायचे. दहापर्यंत गाडीनं वाट सोडली नाही तर पास. दुकानाच्या पाटीवर त्यांनी रंगवूनच घेतलं होतं : 'आमच्याकडून गेलेली गाडी सरळ जाते.' पाटीसुद्धा ओळंबा लावून ठोकलेली.

आणि अशा माणसाच्या पोटी वळणांचं वेड घेऊन मुलगी जन्माला आली! देवाला विनोदाची आवड आहे म्हणतात, ते उगीच नाही.

घरात तिला चिमणी म्हणत. वय चोवीस, अंगकाठी नावाला शोभणारी, पण गिअरबॉक्स एकटीनं उतरवणारी. गॅरेजमध्ये बापाच्या बरोबरीनं काम करायची, आणि वर्षभर रविवार खर्चून तिनं एका जुन्या, बुटक्या, लाल गाडीत भंगारातलं दुप्पट ताकदीचं टर्बो इंजिन बसवलं होतं. कशासाठी, तर गावामागच्या टेकडीवरच्या शर्यतीसाठी. तीन किलोमीटर चढ, अकरा वळणं, एकेक गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचं. तीन मिनिटांच्या आत वर पोचेल त्याला टेकडी-संघात वर्षभराची जागा. मागच्या वर्षी चिमणीला तीन मिनिटं चार सेकंद लागले होते.

हे चार सेकंद काकांच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले होते. ते कुठे गेले हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. उजवीकडे! कारण ही गाडी एरवी शहाण्यासारखी चालायची, पण अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की स्टिअरिंगला हिसका देऊन उजवीकडे ओढायची. हाताची घडी घालून काका "एक..." म्हणत, "दोन" म्हणेपर्यंत गाडी गोदामाच्या भिंतीला पत्ता विचारायला निघालेली असे. दोरीकाकांच्या स्वतःच्या घरची गाडी, आणि दोनवर नापास! लेझर तर येता-जाता हाताची घडी घालून "दीड" म्हणायला लागला.

काकांनी सात वेळा दोरी लावली. सातही वेळा चाकं सूतभरही चुकलेली नव्हती.

"बाबा, चाकांचा दोष नाहीये," चिमणी म्हणाली. "हिचं इंजिन पुढची चाकं फिरवतं, आणि त्याच चाकांनी ती वळतेही. इंजिन आडवं, गिअरबॉक्स एका अंगाला. म्हणून डाव्या चाकाकडे जाणारा दांडा आखूड आणि उजवीकडचा लांब. जोर आला की दोघांचे कोन वेगळे होतात आणि स्टिअरिंगला हिसका बसतो. अशा गाडीत एवढं मोठं इंजिन घातल्यावर हे होणारच. मी धरते ना घट्ट."

"धरायला ती काय म्हैस आहे? गाडी सरळ गेली पाहिजे."

"पण रस्ताच सरळ नाहीये, बाबा! अकरा वळणं आहेत!"

"वळणाचं तू बघ. सरळचं मी बघतो," काका म्हणाले, आणि तिथेच पुढच्या सगळ्या भानगडीची पायाभरणी झाली.

शर्यतीच्या आदल्या दुपारी चिमणी नावनोंदणीला गेली. गॅरेजमध्ये काका आणि लाल गाडी, दोघंच. काका तिच्याभोवती फिरले, खाली वाकले, पुन्हा उठले, आणि एकदम त्यांच्या डोक्यात वीज चमकली. जोराच्या वाऱ्यात चालणारा माणूस काय करतो? वाऱ्याच्या अंगाला थोडा झुकून चालतो! म्हणजे वारा इकडे ढकलतो, हा तिकडे रेलतो, आणि हिशेब बरोबर होऊन माणूस सरळ जातो. मग गाडीनं का झुकू नये?

त्यांनी बाह्या सरसावल्या. बॉनेट उघडलं, स्प्रिंगांच्या डोक्यावरचे बोल्ट सैल केले आणि पुढची दोन्ही चाकं वरच्या अंगानं डावीकडे झुकवली. किती? नखाच्या जाडीइतकी. डोळ्यांना दिसणार नाही, पण गाडीला कळेल. बोल्ट आवळले आणि गोदामांमागे निघाले.

अ‍ॅक्सिलरेटर तळाशी. हाताची घडी. "एक... दोन... तीन..." गाडी दोरीवरून धावल्यासारखी! "सहा... सात..." काकांचा आवाज चिरकायला लागला. "नऊ... दहा! अकरा!! बारा!!!" चौदाला कुंपण आलं म्हणून नाइलाजानं थांबले. खाली उतरून त्यांनी गाडीच्या टपावर दोन थापा मारल्या आणि भर रस्त्यात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, एक गिरकी घेतली. बघायला कोणी नव्हतं, एक कुत्रं सोडून. तेही उठून गेलं.

चिमणीला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. उद्या टेकडीवर तिला आपोआप कळू दे, म्हणाले. आनंद असा अचानक द्यावा!

घरी बायकोला तेवढं सांगितल्याशिवाय राहवेना. काकू शिवणकाम करायच्या. शिलाई मशीनवरून मान वर न करता त्यांनी ऐकून घेतलं.

"लेकीला विचारलंत का?"

"अगं, विचारायचं काय त्यात? गाडी सरळ जातेय!"

"मी गिऱ्हाइकाला न विचारता कोटाची बाही कधी बदलत नाही," काकू म्हणाल्या. "आणि माझं काज-बटणाचं रीळ परत करा. दोरी म्हणून नेलंत, तेव्हापासून तीन कोट बिनबटणाचे लटकलेत."

सकाळी टेकडीच्या पायथ्याशी जत्रा भरावी तशी गर्दी. आठ-दहा गावांच्या गाड्या, उघडी बॉनेटं, जळलेल्या तेलाचा वास आणि जो तो दुसऱ्याच्या इंजिनाकडे बघून "ठीक आहे" म्हणतोय. टेकडी-संघाच्या कप्तानबाई, आखूड केसांच्या आणि त्याहून आखूड बोलण्याच्या, हातात घड्याळ घेऊन उभ्या होत्या. सकाळी सरावाची एक फेरी, तिच्यात गॅरेजच्या माणसाला शेजारी बसायची मुभा. दुपारी खरी फेरी, एकट्यानं.

काका शिरस्त्राण घालून चिमणीशेजारी बसले. शिरस्त्राण जरा तिरकं बसलं होतं, ते त्यांनी आरशात बघून सरळ केलं.

झेंडा पडला. गाडी उसळली. आणि काय सांगावं! पहिल्या सरळ पट्ट्यावर चिमणीनं पाय दाबला, हिशेबाप्रमाणे हिसक्याची वाट बघत स्टिअरिंग आवळलं, आणि हिसका आलाच नाही. तिनं चमकून बापाकडे पाहिलं. काका शिरस्त्राणाच्या आत इतके हसत होते की काच धूसर झाली.

"बाबा, हिला काय केलंत?"

"काही नाही! तू चालव!"

पहिलं वळण उजवं, बेताचं, ते पाय न उचलताच झकास गेलं. दुसरं डावं. ते जवळ आलं तसा चिमणीनं, रोजच्या सवयीनं, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि स्टिअरिंग डावीकडे घातलं.

वारा थांबला. पण झुकलेला माणूस झुकलेलाच राहिला.

इंजिनाची ओढ संपली तशी काकांनी घातलेली ओढ जागी झाली, आणि गाडी मागितलं त्याच्या दीडपट डावीकडे घुसली. थेट आतल्या कडेच्या चुना लावलेल्या दगडांकडे! चिमणीनं हात झटकून स्टिअरिंग उलटं मारलं, मागची चाकं किंचाळली, एक पांढरा दगड काकांच्या खिडकीखालून इतक्या जवळून गेला की त्याच्यावरची मुंगीसुद्धा त्यांना दिसली. गाडी डुलली, सावरली, पुढे गेली.

चूक कुठे झाली ते काकांना तिच्याआधी कळलं होतं. एकतीस वर्षं त्यांनी गाड्या हातानं कमी आणि बुडाखालच्या सीटनं जास्त ओळखल्या होत्या. एकतीस वर्षांत त्यांनी एकही गाडी वळणावर तपासली नव्हती. उरलेली नऊ वळणं त्यांनी एकेक करून बसल्या जागी भोगली. प्रत्येक वेळी पाय उचलला की गाडी डावीकडे पडे आणि प्रत्येक वेळी लेक ती उचलून धरे.

वर घड्याळात तीन मिनिटं अकरा सेकंद.

"बाबा," खाली आल्यावर चिमणी शिरस्त्राण काढत म्हणाली, "दोरी कधी लावलीत?"

"काल दुपारी," काका म्हणाले. "चाकं झुकवली मी. डावीकडे. वाऱ्यात चालतो तसं..."

"आणि वारा थांबला की माणूस पडतो, बाबा!"

"पडतो," काका म्हणाले. "आत्ता बघून आलो."

तिचा पारा चढला होता, पण असा कबुलीजबाब ऐकल्यावर चिडायचं तरी कुठून? "अहो, ती उजवीकडे ओढते हे मला पाठ आहे. किती ओढते, कधी ओढते, सगळं. हट्टी माणसाचं काही वाटत नाही मला. चोवीस वर्षं एकाबरोबर राहतेच आहे. पण रोज हट्ट बदलला तर कसं चालवायचं?"

मागे कोणीतरी खोकून हसलं. लेझर होता. काकांना वाटलं, आता हा हाताची घडी घालून काहीतरी म्हणणार. पण त्यानं घड्याळ पाहिलं. "दोन तास आहेत काका. मागे पाण्याच्या टाकीपाशी सिमेंटचा ओटा आहे. माझ्याकडे पाणसळ आहे, जागा सपाट आहे का ते बघून देतो."

"तुझं यंत्र?"

"ते काय खांद्यावर घेऊन येऊ? भिंतीला बोल्टांनी जखडलंय ते," लेझर म्हणाला. "आज दोरीच काढा."

मग जी धावपळ उडाली! चिमणीनं गाडी ओट्यावर घेतली. लेझर पाणसळ घेऊन चारी चाकांखाली पत्र्याचे तुकडे सरकवायला पालथा पडला. आणि काकांनी डिकी उघडली, तर तिवया होत्या, पट्टी होती, पाने होते, दोरी नव्हती. रीळ काल रात्री बायकोला परत केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं ऐकलं आणि असे बुडाले!

"हे शोधताय?" काकू गर्दीतून डबा आणि पिशवी सांभाळत येत होत्या. पिशवीतून त्यांनी काज-बटणाचं रीळ काढलं. "तुमच्याकडे बघूनच आणलं. झुकलेला माणूस पडणार, एवढं मलाही कळतं."

दोऱ्या ताणल्या गेल्या. धाग्याला पाना बांधून काकांनी ओळंबा केला आणि रिमसमोर धरला. बोल्ट सैल, चाक उभं, बोल्ट घट्ट. एक झालं, दुसरं झालं. काकांचे हात असे चालत होते की लेझर बघतच राहिला. काका कपाळ पुसत म्हणाले, "झालं. आता दोन्ही चाकं नाकासमोर."

"नाही," चिमणी म्हणाली. "आता ती पुढून थोडी फाकवा. बाहेरच्या बाजूला. प्रत्येकी अर्धा मिलिमीटर."

काकांना ऐकू आलं ते खरं वाटेना. "मुद्दाम? तिरकी?"

"जोर लागला की चाकं आपोआप आत ओढली जातात, बाबा. आधीच थोडी बाहेर असली तर धावताना बरोबर होतात. आणि वळायला सांगितलं की पटकन वळते. नाहीतर पुढचं नाक बाहेरच पळत राहतं."

"एकतीस वर्षांत मी एक गाडी तिरकी सोडली नाही!"

"काल सोडलीत की," काकू म्हणाल्या. मग जवळ येऊन, कुणी ऐकणार नाही अशा बेतानं पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "अहो, कापड नेहमी सरळच कापतात का? गळ्याला पट्टी लावायची तर कापड उरेब कापतात. तिरकं. सरळ धाग्यावर कापलेली पट्टी वळणावर चुण्या टाकते, उरेब पट्टी गळ्याभोवती कशी अलगद फिरते! हिला गळा शिवायचाय, तुम्ही चादर शिवताय."

काका दोरीकडे बघत राहिले. मग खाली वाकले, पट्टी लावली, पान्याला पाव फेरा दिला, आणि, बघणारे शपथेवर सांगतील, डोळे मिटून घेतले. पुन्हा पट्टी. पुन्हा नखभर फेरा.

"अर्धा," ते म्हणाले. "दोन्हीकडे. उरेब."

खऱ्या फेरीला काका पायथ्याशी थांबले नाहीत. कुंपणाच्या कडेनं धापा टाकत ते दुसऱ्या वळणापर्यंत चढून गेले, त्याच पांढऱ्या दगडांसमोर. पाठोपाठ लेझर, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात काकूंचा डबा.

खाली इंजिन गरजलं. सुटली! पहिल्या पट्ट्यावर आवाज चढत गेला, आणि काकांना न बघताही दिसलं की गाडी उजवीकडे ओढतेय आणि दोन चिमुकले हात तिला धरून आहेत. मग ती समोर आली. लाल, बुटकी, रागावलेली! दगडांच्या अलीकडे आवाज उतरला, नाक खाली बसलं, आणि नुसतं डावीकडे बघितल्यासारखी गाडी डावीकडे वळली. काकांनी नकळत स्वतःचे हात हवेत धरले होते, न दिसणाऱ्या स्टिअरिंगवर.

"आता दाब!" लेझर ओरडला.

"थांब रे, आत्ता नाही!" काका त्याच्यावर खेकसले. "चाकं वळलेली असताना जोर दिला तर हिसका दुप्पट बसेल! आधी वळू दे, सरळ होऊ दे..." चिमणीचे हात सरळ व्हायला लागले, एक वीत, दोन विती, "...आता! आता दाब, पोरी, आता!"

गाडी गरजली. हिसका बसलेला दिसला. पुढची चाकं क्षणभर उजवीकडे उडी मारू पाहत होती. पण तिनं तो हिसकाही कामाला लावला होता! डाव्या वळणातून बाहेर पडताना गाडीला उजवीकडेच तर यायचं होतं. ती ओढ अंगावर घेऊन, रस्त्याच्या बाहेरच्या कडेला बोटभर जागा ठेवून, लाल गाडी वर निघून गेली.

"पाहिलंस?" काका लेझरचा खांदा गदागदा हलवत होते. "पाहिलंस? तिरकी गेली! कशी झकास तिरकी गेली!"

"काका, डबा सांडेल!"

मग फक्त आवाज. काका मान वाकडी करून ऐकत होते. उतरला, चढला. चौथं. उतरला, चढला. सहावं. मध्ये टेकडीआड गेला आणि नुसतं वारं ऐकू आलं. काकांनी लेझरचा हात इतका आवळला की त्याला घड्याळ दिसेना. मग वरून पुन्हा गुरगुर. नववं, दहावं. अकराव्याला आवाज उतरून नेहमीपेक्षा जरा लवकर चढला आणि काका चवड्यांवर उभे राहिले. पण हिसक्याचा खडखडाट नाही, टायरची किंकाळी नाही, सरळ वर. शांतता.

कुंपणापाशी उभ्या असलेल्या पंचाच्या वॉकीटॉकीत खरखर झाली, आणि कप्तानबाईंचा आखूड आवाज आला, "लाल गाडी. दोन मिनिटं अठ्ठावन्न. तिला सांगा, संघाचा सराव शनिवारी असतो."

आदल्या दिवशीची गिरकी फक्त कुत्र्यानं पाहिली होती. ही सगळ्या टेकडीनं पाहिली. लेझरनं डब्यासकट साथ दिली.

संध्याकाळी घरी निघताना चिमणीनं किल्ली बापाच्या हातात ठेवली. "चालवा. वळणाच्या रस्त्यानं."

काकांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. हाताची घडी घालायची आठवणसुद्धा झाली नाही. मागे काकू रीळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पहिल्या वळणाला काकांनी पाय उचलला, गाडी लोण्यासारखी वळली. त्यांनी हात सरळ होईपर्यंत वाट पाहिली, एक वीत, दोन विती, आणि मग असा काही पाय दाबला की स्टिअरिंगनं त्यांच्या मनगटांना कडकडून हिसका दिला.

"ओढली!" काका आनंदानं ओरडले. "अगं, बघ, कशी ओढते!"

"उजवीकडे, बाबा! कडेला आलात! धरा!"

"धरलीये गं! धरलीये! पुढचं वळण कुठाय?"

"अहो, घरी जायचंय आपल्याला," मागून काकू म्हणाल्या. "घर मागेच गेलं."